मदत हवी आहे: ड्रेन बोल्ट आणि ब्रेकच्या बँजोला कोणते वॉशर?

धागाकर्ता

नमस्कार. बाइकची दोन कामं एकत्र आली आहेत आणि दोन्हींचं घोडं वॉशरपाशी अडलंय.

इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट पाझरतोय. बोल्ट पोलादी, एम १२ × १.५ (व्यास १२ मिमी, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी), क्रँककेस म्हणजे इंजिनचं खालचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं. वॉशर तांब्याचा, चपटा, सलग तीन ऑइल बदलांना तोच वापरलेला. बोल्ट थोडा आणखी आवळून पाहिला, फरक नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बोल्टच्या डोक्याला एक थेंब लटकलेला असतो.

दुसरं, पुढच्या ब्रेकला स्टीलच्या जाळीचे होज, म्हणजे ब्रेकचा द्रव नेणाऱ्या नळ्या, बसवायचे आहेत. त्यांच्या टोकाला बँजो असतो, पोकळ बोल्टवर बसणारी गोल कडी. दोन डिस्क, मास्टर सिलिंडरपासून (लिव्हरपाशी द्रवाला दाब देणारा भाग) प्रत्येक कॅलिपरला (डिस्क पकडणारा भाग) वेगळा होज, एबीएस नाही. ब्रेकच्या द्रवाच्या टाकीच्या झाकणावर डॉट ४ हा द्रवाचा प्रकार लिहिलाय. होजबरोबर वॉशर आलेले नाहीत. हाताशी १० मिमीचे डाउटी वॉशर आहेत, बाहेर पोलादी कडी आणि आतल्या काठाला काळं रबर. मापाला बरोबर बसतात. चालतील का? नाहीतर तांबं घ्यावं की अ‍ॅल्युमिनियम? एकूण नग किती लागतील?

प्रतिसाद १

आधी ब्रेकचं बोलू. ते डाउटी ब्रेकला लावू नका. माप जुळलं म्हणजे वॉशर जुळला असं नसतं. त्यांतलं काळं रबर बहुतेक वेळा नायट्राइल असतं. इंजिन ऑइल, पेट्रोल, हायड्रॉलिक ऑइल यांत ते छान टिकतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलच्या जातीची द्रव्यं, त्यांत नायट्राइल फुगतं आणि मऊ पडतं. पहिल्या दिवशी थेंबही गळणार नाही, म्हणूनच हे फसवं आहे. पुढे रबराची किनार सुटते आणि तिचे कण ब्रेकच्या द्रवात फिरतात. मास्टर सिलिंडरमधलं परत येणाऱ्या द्रवाचं भोक सुईच्या टोकाएवढं बारीक असतं. ते बुजलं की लिव्हर सोडल्यावरही ब्रेक धरून राहतो.

ब्रेकच्या आतली रबरं ईपीडीएमची असतात आणि त्यांचं गणित बरोबर उलटं आहे: ब्रेकच्या द्रवात टिकतात, खनिज तेलात फुगतात. म्हणून बँजोच्या वॉशरला ऑइलचं किंवा ग्रीसचं बोटसुद्धा लावू नका. ओलं करायचंच असेल तर ताज्या डॉट ४ चा एक थेंब पुरतो.

नगांचा हिशोब असा. बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर लागतो. प्रत्येक कॅलिपरला एक बोल्ट, दोन वॉशर. मास्टर सिलिंडरला एकाच लांब बोल्टवर दोन बँजो, तिथे तीन वॉशर: डोक्याखाली एक, दोन बँजोंच्या मध्ये एक, शेवटी एक. म्हणजे ३ + २ + २, एकूण सात. दहा घ्या. काम करताना एखादा वाकडा बसतो, आणि दाबला गेलेला वॉशर परत लावायचा नसतो.

तांबं की अ‍ॅल्युमिनियम, यात माझं मत अ‍ॅल्युमिनियमकडे. कॅलिपर अ‍ॅल्युमिनियमचा आहे. मऊ अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर कमी जोरात बसतो आणि कॅलिपरच्या पृष्ठभागावर वळ उठवत नाही. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र ओले राहिले, विशेषतः खाऱ्या हवेत, की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पोलादी बोल्टला तांब्याचे वॉशर असंख्य गाड्यांवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात, त्यामुळे तेच मिळाले तर काम थांबवू नका. बोल्टही अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर मात्र तांबं टाळा. तांबं दाबायला लागणारा जोर तो बोल्ट पेलत नाही, मान तुटते.

प्रतिसाद २

वर सगळं बरोबर आहे, फक्त बोल्टची भर घालतो. एम १० बोल्ट दोन आट्यांचे मिळतात, आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी आणि १.० मिमी. जपानी गाड्यांवर बहुधा १.२५, युरोपीय कॅलिपरवर अनेकदा १.०. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे हाताने आरामात जातो आणि मग जड होतो. तिथे पाना लावला की कॅलिपरचे आटे गेलेच. शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे.

वॉशर १ ते १.५ मिमी जाडीचा, जुन्याइतकाच घ्या. जास्त पातळ घेतला तर बोल्टचं टोक आत भोकाच्या तळाला टेकतं. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण बँजो दाबलाच जात नाही. जास्त जाड घेतला तर आट्यांची पकड कमी होते.

आवळायचा जोर गाडीच्या पुस्तकातून घ्या. पोलादी एम १० ला तो साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर असतो, अ‍ॅल्युमिनियमच्या बोल्टला बराच कमी, तिथे बोल्ट बनवणाऱ्याचा आकडा पाळा. आवळताना होज हाताने धरा, नाहीतर बँजो बोल्टबरोबर फिरून वॉशरवर घासतो. आणि टेफ्लॉन टेप किंवा कसलंही सीलंट नको! या जोडात आटे फक्त ओढून धरतात. द्रव अडवतात ते वॉशरचे दोन चपटे पृष्ठभाग.

धागाकर्ता

खूप आभार. ब्रेकचं स्पष्ट झालं. ड्रेन बोल्टला तोच तांब्याचा वॉशर तापवून मऊ करता येईल का? आणि ते डाउटी १२ मिमीत मिळाले तर तिथे चालतील का?

प्रतिसाद १

ड्रेन बोल्टला डाउटी चालतो, तेलासाठीच तो आहे. नायट्राइल साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत निवांत असतं. इंजिन त्याहून तापणारं असेल तर व्हायटॉनचा, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचा घ्या. कडी बोल्टच्या डोक्याखाली पूर्ण झाकली गेली पाहिजे. शिवाय बोल्टच्या मुळाशी आटे संपून मान बारीक झाली असेल तर वॉशर एका बाजूला सरकतो आणि रबर आट्यावर चिरतं. तसं असेल तर साधा चपटाच बरा.

तांबं तापवण्याचं सांगतो, फक्त तेलाच्या बोल्टसाठी. वॉशर उजेडात तिरका धरा. कडेपासून थोडा आत एक चकचकीत गोल वळ दिसेल, त्यावरून नख फिरवलं तर अडकेल. त्या वळात तांबं दाबून दाबून कडक झालेलं असतं. दुसऱ्यांदा बसवताना बोल्टचं डोकं त्याच जागी येत नाही आणि कडक तांबं नव्या जागी वळत नाही, म्हणून पाझर. अंधुक जागेत गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. पोलाद पाण्यात टाकल्यावर कडक होतं, तांबं होत नाही, आणि वरचा काळा पापुद्राही पाण्यात बराचसा सुटतो. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून गोल गोल फिरवत वळ काढा. अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर तापवू नका: तो ६६० अंशांना वितळतो आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. दुमडलेल्या पत्र्याचा पोकळ वॉशर तर एकदा चेपला की संपला.

खरं सांगायचं तर नवा वॉशर लावा, हा सगळा खटाटोप अडीअडचणीसाठी. आणि यापुढे आवळून पाझर थांबवायला जाऊ नका. एम १२ ला पुस्तकात साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर दिलेले असतात. त्यापुढचा प्रत्येक प्रयत्न क्रँककेसच्या आट्यांवर जातो.

प्रतिसाद ३

नवा वॉशर लावण्याआधी क्रँककेसचा पृष्ठभाग बघा. बोल्ट काढून, फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने तो चक्क कोरडा करा आणि टॉर्चचा उजेड बाजूने टाका. जुना वॉशर कधीकधी तिथेच चिकटून राहतो, काळ्या तेलाखाली तो ओतकामाचाच भाग वाटतो, आणि मग त्यावर दुसरा चढतो. भोकाभोवती केसाएवढी गोल फट दिसली तर तोच. प्लॅस्टिकच्या पातीने उचला, पेचकसाने नको. भोकाकडून बाहेर जाणारा एक बारीक ओरखडाही गळतीला पुरतो, गोलाकार खुणा तेवढा त्रास देत नाहीत.

पाझर नक्की बोल्टचाच आहे ना, हेही तपासा. वरच्या फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग गळत असेल तर तेल ओघळून ड्रेन बोल्टवरच येऊन थांबतं. सगळं कोरडं करून टाल्कम पावडर उडवा, इंजिन दहा मिनिटं चालवा आणि ओली रेघ कुठून सुरू होते ते बघा.

धागाकर्ता

फट दिसली. तांब्याच्या वर एक अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर क्रँककेसला चिकटलेला होता, दोन्ही एकावर एक बसलेले. त्याच्या कडेला बोल्टच्या दिशेने ओरखडाही आहे, क्रँककेस मात्र गुळगुळीत निघाली. नवा १२ × २० × १.५ (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, मिमीत) एकच लावला, २५ न्यूटन-मीटर. पावडर कोरडी आहे. ब्रेक उद्या करतो. गळत नाही हे खात्रीने कसं पाहायचं?

प्रतिसाद २

ब्रेकच्या द्रवातली हवा काढून झाली, लिव्हर टणक लागली, की सगळे बँजो पाण्याने धुऊन कोरडे करा. डॉट ४ रंग खातं, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीवर सांडलं असेल तर तेही लगेच भरपूर पाण्याने. प्रत्येक बँजोभोवती कोरड्या टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. लिव्हर घट्ट दाबून हँडलला पट्ट्याने बांधा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पट्टीवर ओला डाग दिसला तर अधिक आवळू नका. उघडा, पृष्ठभाग बघा, तिथले सगळे वॉशर नवे घाला आणि पुन्हा हवा काढा. डाग नसेल तर पहिल्या काही किलोमीटरनंतर एकदा, गाडी गार झाल्यावर, त्याच तिन्ही जागी बोट फिरवा.