प्रति: विम्प सापडत नाहीत, मग कृष्णपदार्थ थोतांड?

‘इतकी वर्षं शोधून विम्प सापडला नाही, म्हणजे कृष्णपदार्थच थोतांड’ हा वरचा मुद्दा जरा घाईचा वाटतो. कृष्णपदार्थ म्हणजे जो दिसत नाही, पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतो तो पदार्थ; आणि विम्प (क्वचितच टक्कर देणारा, जड असा कल्पिलेला कण) हा त्यासाठीच्या अनेकांतला एक उमेदवार.

विम्प शोधणाऱ्या एलझेड या प्रयोगात ७ टन द्रव झेनॉन जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर ठेवलाय. कण धडकला की आधी बारीकशी चमक उठते, मग सुटलेले इलेक्ट्रॉन वर सरकत जाऊन पृष्ठभागापाशी दुसरी, मोठी चमक देतात. धडक अणुकेंद्रकाला बसली की इलेक्ट्रॉनला, हे दोन्ही चमकांच्या गुणोत्तरावरून कळतं. तिथे विम्प दिसलेला नाही, हे खरंच.

पण अ‍ॅक्सिऑन हा दुसरा उमेदवार-कण इतका हलका, की त्याच्या धक्क्याने केंद्रक हलणारही नाही! त्यासाठी एडीएमएक्स या प्रयोगवाले तीव्र चुंबकीय क्षेत्रात धातूची पोकळी ठेवतात, कारण तिथे अ‍ॅक्सिऑनची क्षीण रेडिओलहर बनू शकते, आणि रेडिओचा काटा फिरवावा तशी वारंवारता हळूहळू सरकवत बसतात. चिकाटीचं काम.

कृष्णपदार्थ सापडल्याचा पुरावा म्हणून डामा या प्रयोगात दिसलेल्या टकरींच्या वार्षिक चढउताराचा दाखला देतात, तो मात्र मला पटत नाही. जूनच्या सुमारास पृथ्वीचा वेग सूर्याच्या आकाशगंगेतल्या वेगात मिळतो, म्हणून टकरी वाढाव्यात, ही कल्पना सुरेख आहे. पण तशाच सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत अनाइस आणि कोसाइन-१०० या दुसऱ्या प्रयोगांना तसं काही दिसलेलं नाही.