सोसायटीचे सीसीटीव्ही: नुसता डीव्हीआर बदलायचा की सगळी यंत्रणा?

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. विशेष सर्वसाधारण सभेपुढे दोन कोटेशन येणार आहेत. पहिल्यात जुने कॅमेरे व कोअ‍ॅक्सियल केबल ठेवून फक्त डीव्हीआर (फुटेज साठवणारे यंत्र) नवा घ्यायचा आहे, तर दुसऱ्यात आयपी कॅमेरे (नेटवर्कवर चालणारे डिजिटल कॅमेरे), एनव्हीआर (त्यांचे फुटेज साठवणारे यंत्र) आणि पीओई स्विच (कॅमेऱ्यांना नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे उपकरण) असा पूर्ण बदल आहे. माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि ते मुख्यतः गेटमुळे. आपल्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याचे चित्र फार तर ७०४ बाय ५७६ पिक्सेलचे असते. त्यात ६ मीटर रुंदीचे गेट बसवले की अर्ध्या मीटरच्या नंबरप्लेटच्या वाट्याला सुमारे ५८ पिक्सेल येतात, म्हणजे एकेका अक्षराला सहासुद्धा नाहीत. मग तो आकडा ३ आहे की ८, हे फुटेज कितीही मोठे करून पाहिले तरी कळत नाही. ४ मेगापिक्सेलच्या आयपी कॅमेऱ्यात त्याच प्लेटला दोनशेहून अधिक पिक्सेल मिळतात.

बी विंग प्रतिनिधी: सर, एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरे याच केबलवरून १०८० पी चित्र देतात, मग नव्या वायरिंगचा खर्च कशासाठी? शिवाय नेटवर्कवरचे कॅमेरे हॅक होतात, त्याचे काय?

सचिव: ताई, केबल सुस्थितीत असती तर मीही हेच सुचवले असते. परंतु पार्किंगमधले केबलचे बीएनसी जोड गंजले आहेत आणि पावसाळ्यात चित्रावर पट्टे येतात. आयपी पद्धतीत चित्र कॅमेऱ्यातच डिजिटल होते आणि एकाच कॅट-६ नेटवर्क केबलमधून वीजही जाते, त्यामुळे स्विच व एनव्हीआर यूपीएसवर ठेवले की लाइट गेली तरी रेकॉर्डिंग थांबत नाही. ही केबल १०० मीटरपर्यंतच चालते, म्हणून सी विंगपर्यंत फायबर टाकावी लागेल. तो खर्च कोटेशनमध्ये धरून घ्यावा. हॅकिंगची भीती रास्त आहे, पण २०१६ मध्ये मिराई हा व्हायरस कंपनीने दिलेले पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्यांप्रमाणेच डीव्हीआरमध्येही शिरला होता. त्यामुळे पासवर्ड बदलणे आणि कॅमेऱ्यांचे नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून वेगळे ठेवणे, या अटी वर्क ऑर्डरमध्येच लिहू. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे; तिचे प्रमाणपत्रही मागू.

खजिनदार: हार्ड डिस्कचा हिशोब मात्र कोटेशनमध्ये कमी धरलेला दिसतो. एच.२६५ मध्ये (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याची पद्धत) २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट दराने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २२ जीबी जागा घेतो, म्हणजे १६ कॅमेऱ्यांच्या ३० दिवसांच्या फुटेजला १० टीबीहून थोडी अधिक जागा लागेल, आणि ४ मेगापिक्सेलला त्याहून जास्त. ४ टीबीच्या डिस्कवर जेमतेम ११ दिवस निघतील.

सचिव: योग्य मुद्दा. सुधारित कोटेशन मागवतो. तसेच सभेपूर्वी पुरवठादाराने एक आयपी कॅमेरा गेटवर रात्री लावून, हेडलाइट चालू असलेल्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, ते समितीला दाखवावे, असेही त्यांना कळवतो.