हलका तंबू: सिलनायलॉन, सिलपॉली की डायनीमा?

प्रश्न: ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा, एकट्यापुरता तंबू घ्यायचाय. वजन किलोच्या आत, पाऊस रात्रभर. कापड कोणतं घ्यावं?

उत्तर १: सिलनायलॉन (सिलिकॉन चढवलेलं नायलॉन) पाणी पितं आणि सैलावतं. मध्यरात्री छत लोंबून आतल्या जाळीला टेकतं, उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. सिलपॉली (सिलिकॉन चढवलेलं पॉलिस्टर) फारसं सैलावत नाही. तेवढ्याच जाडीत फाटतं मात्र लवकर. तरी पावसाला सिलपॉलीच.

उत्तर २: डायनीमा (मजबूत धागे प्लास्टिकच्या पातळ थरांत दाबून केलेलं कापड) चौरस मीटरला 18 ते 26 ग्रॅम, पाणी शोषतच नाही. पण घासून झिजतं. कोंबू नका, सैल गुंडाळा. भोक पडलं तर जागा पुसून, कोरडी करून डायनीमाचीच पट्टी चिकटवा.

उत्तर ३: शिवणीचं आधी विचारा, पाणी तिथूनच झिरपतं! कापडाच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन असेल तर शिवण बंद करणारी टेप चिकटत नाही. सिलिकॉन सीलंट ब्रशने शिवणीवर लावून रात्रभर वाळवा.