अॅलेक्स डनचं २०२५: नशिबाने मारलं की त्याने स्वतःच घालवलं?

पिटलेन_पुणेकर:

एफ२चा (एफ४, एफ३, एफ२ अशा पायऱ्या चढत एफ१ला जातात, त्यातली शेवटची) मोसम संपला, तरी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रडारड थांबत नाहीये. 'बिचारा डन', 'त्याचं चॅम्पियनपद चोरलं', 'आयरिश म्हणून डावललं' वगैरे. हा धागा त्या 'बिचारा' शब्दाच्या विरोधात काढतोय.

फक्त एफ१ बघणाऱ्यांसाठी थोडक्यात ओळख. अॅलेक्स डन, जन्म नोव्हेंबर २००५, आयर्लंडच्या ऑफली परगण्यातल्या क्लोनबुलोग गावचा. वडीलही रेसर. २०२२ला ब्रिटिश एफ४ जिंकली आणि त्याच वर्षी इटालियन एफ४मध्ये दुसरा आला. तिथे त्याच्या पुढे होता किमी अँटोनेली, जो आज मर्सिडीज चालवतोय. २०२३ला ब्रिटनच्या जीबी३ मालिकेत पुन्हा दुसरा. २०२४ला एफ३मध्ये एमपी मोटरस्पोर्ट टीमकडून चौदावा, आणि त्याच वर्षी मॅक्लारेनने त्याला आपल्या ज्युनिअर कार्यक्रमात घेतलं. २०२५ला रॉडिन टीमच्या गाडीतून एफ२.

चौदाव्या नंबरवरून आलेल्या पोराकडून कुणालाच फार अपेक्षा नव्हती. त्याने बहरीनची रविवारची मोठी शर्यत जिंकली, मग इमोलाचीही, आणि गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर जाऊन बसला. वेगाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. एका लॅपचा आणि लढून पुढे जाण्याचा वेग बघितला तर या वर्षी एफ२मध्ये सगळ्यात वेगवान तोच होता, हे मी लिहून देतो.

आणि तरीही मोसमाअखेर पाचवा. का?

मोनॅको. पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा, याची. शेजारच्या व्हिक्टर मार्टिन्सची सुरुवात जास्त चांगली झाली, आणि पहिल्याच वळणाला, सेंट देवोतला, दोघंही एकाच जागेसाठी भांडले. दोघंही भिंतीत, मागच्यांचा ढीग आणि लाल झेंडा. पंचांनी दोष डनला दिला. पुढच्या बार्सिलोनाला ग्रिडवर दहा जागा मागे. आता मोनॅकोला पुढे जायला जागाच नसते हे मान्य, पण मग दुसरा नंबर पत्करून गुण घरी आणायचे ना? गुणतक्त्यात पहिला असलेल्या माणसाला पहिल्या वळणाला सगळं पणाला लावायची गरज काय होती?

ऑस्ट्रियाचं तर वाईटच वाटलं. शुक्रवार, २७ जून. लँडो नॉरिसच्या जागी मॅक्लारेनमध्ये बसून पहिल्या सराव सत्रात चौथा, टीममधल्याच ऑस्कर पियास्ट्रीच्या मागे फक्त ०.०६९ सेकंद. एकोणीस वर्षांचा पोरगा, एफ१च्या वीकएंडला पहिल्यांदाच! रविवारी एफ२मध्ये व्यासपीठावर उभा राहिला आणि मग तपासणीत बाद. गाडीच्या पोटाखालची फळी हवी त्यापेक्षा जास्त झिजलेली निघाली.

नंतर बेल्जियमचं स्पा. पहिला आला, ट्रॉफी घेतली, आणि सुरुवातीची ठरलेली प्रक्रिया नीट पाळली नाही म्हणून वेळेची पेनल्टी लागून थेट नववा. विजय गेला रोमन स्टानेककडे.

तीन वेळा हातातोंडाशी आलेला घास गेला. एकदा जातो तेव्हा नशीब म्हणू. तीनदा जातो तेव्हा जेवायची पद्धत बघावी लागते. चॅम्पियन झालेला फोर्नारोली बघा. २०२४ची एफ३ त्याने एकही शर्यत न जिंकता घेतली! लोक हसले. या वर्षी एफ२ही घेतली. कंटाळवाणा आहे का? आहे. पण दर रविवारी गुणांची पिशवी भरून घरी जातो. माझ्या मते चॅम्पियनपद योग्य माणसाला गेलं आणि डनचं त्याच्याच हातून गेलं.

घाटातला_गिअर:

पुणेकर, तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय.

मोनॅको त्याची चूक, शंभर टक्के. पण फळी? ड्रायव्हर काय गाडीखाली रंधा घेऊन बसतो का? गाडी जमिनीपासून किती उंच ठेवायची हे इंजिनिअर ठरवतात. तो फक्त चालवतो. रॉडिनने गाडी जास्त खाली ठेवली, वेग मिळाला आणि नंतर पकडले गेले. हा हिशोब टीमच्या खात्यात मांडा.

आणि फोर्नारोलीची आरती कशाला? एफ२ ही ड्रायव्हर निवडायची शाळा आहे, बँकेतलं आवर्ती खातं नव्हे. सगळ्यांना तीच डल्लाराची चासी, तेच मेकाक्रोमचं इंजिन, तेच पिरेलीचे टायर. अशा ठिकाणी एखादा पोरगा आधीच्या वर्षी चौदावा असताना येऊन सगळ्यांना मागे टाकतो, तेव्हा त्याच्यात काहीतरी वेगळं आहे एवढं कळायला गुणतक्ता लागत नाही. डोकं शांत ठेवणं शिकवता येतं हो. वेग शिकवता येत नाही.

पिटलेन_पुणेकर:

फळीबद्दल अर्धं मान्य. उंची टीम ठरवते, पण कर्बवरून (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे) गाडी किती वेळा आपटायची हे ड्रायव्हरच ठरवतो. ऑस्ट्रियाचे कर्ब माहीत असतील तुम्हाला. आणि स्पाची प्रक्रिया? ती बटणं स्टिअरिंगवर असतात, इंजिनिअरच्या टेबलावर नाही.

आकडेमोड:

दोघंही भावनेत आहात. जरा हिशोब करू.

एफ१ चालवायला सुपरलायसन्स लागतं आणि त्यासाठी तीन वर्षांत ४० गुण. एफ२मध्ये पहिल्या तिघांत आलं की सगळेच्या सगळे ४० एकदम मिळतात. पाचव्या नंबरला २०. डनची २०२२ची एफ४ची पुण्याई आता तीन वर्षांच्या खिडकीबाहेर गेली, २०२४च्या चौदाव्या नंबरला शून्य, जीबी३चे थोडे. बेरीज ४०ला पोचत नाही. म्हणजे ऑक्टोबरमध्ये त्याने मॅक्लारेन सोडलं आणि 'आता रेड बुल घेणार' अशा बातम्या आल्या, तेव्हा कुणी मनावर घेतलं असतं तरी २०२६ला गाडीत बसायचा परवाना कुठून आणणार होता?

आता अर्विद लिंडब्लाड बघा. एफ२च्या गुणतक्त्यात डनच्या मागे संपला आणि २०२६ला रेसिंग बुल्समध्ये, म्हणजे रेड बुलच्या धाकट्या एफ१ टीममध्ये, बसतोय. लोक म्हणतात लग्गा. लग्गा आहेच, पण त्या मुलाने हिवाळ्यात न्यूझीलंडला जाऊन तिथली फॉर्म्युला रीजनल मालिका जिंकली आणि परवान्याचे गुण गोळा करून ठेवले. डन त्या वाटेला गेला नाही. (लिंडब्लाडची आई भारतीय वंशाची, त्यामुळे आपल्याकडे आता तो 'आपला' होणार. तयारी ठेवा.)

घाटातला_गिअर:

न्यूझीलंडची तिकिटं, गाडी, मेकॅनिक हे सगळं कोण देतं? रेड बुल देतं! हेच तर मी म्हणतोय. नुसता एफ२चा एक मोसम वीस ते तीस लाख युरोंच्या घरात जातो असं बोलतात. त्याच्या आधी कार्टिंग, एफ४, जीबी३, एफ३. ज्याला कंपनीने लहानपणीच उचललं तो हिवाळ्यात गुण वेचायला जाऊ शकतो. डनला मॅक्लारेन भेटलं २०२४ला, म्हणजे निम्मा जिना स्वतः चढून झाल्यावर.

तुमच्यापैकी कुणी कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिकचा प्रवास बघितला होता का? तो बीआरडीसी ब्रिटिश एफ३ चालवायचा. नाव बदलून तीच मालिका आता जीबी३ म्हणतात, डन ज्यात दुसरा आला ती. घरची ताकद असूनही त्या पायरीच्या पुढे किती चढण आहे हे आपल्या माणसाने बघितलंय. मुंबईचा जेहान दारूवाला घ्या. रेड बुलच्या पंखाखाली होता, एफ२मध्ये चार मोसम काढले, शर्यती जिंकल्या. एफ१ची सीट? नाही.

पिटलेन_पुणेकर:

जेहानचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे गिअरशेठ. कंपनी पाठीशी असूनही सीट मिळाली नाही, कारण तक्त्यात वरच्या तिघांत तो कधी आला नाही. मग पैसा आणि लग्गा हेच सगळं कसं?

डब्लिनकर_सध्या:

उशिरा येतोय, इथे रात्र झाली. सहा वर्षं आयर्लंडमध्ये राहतो म्हणून दोन शब्द.

आधी 'आयरिश म्हणून डावललं' याबद्दल. अख्ख्या आयर्लंडची लोकसंख्या आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी. कायमस्वरूपी म्हणावा असा रेस ट्रॅक एकच, किल्डेअरमधलं माँडेलो पार्क. मी दोनदा गेलोय. पाऊस, वारा, चिप्स, आणि रेनकोट घालून शर्यत बघणारे आजोबा. क्लोनबुलोग तिथून फार लांब नाही. आजूबाजूला सगळं पीटचं दलदलीचं माळरान. डनच्या आधी ते गाव कुणाला माहीत असेल तर पॅराशूट क्लबमुळे. इथल्या मुलाला कार्टिंगमध्ये पुढे जायचं तर समुद्र ओलांडावाच लागतो. डावलायला इथे मुळात कुणी बसलेलंच नाही.

पण एक गंमत बघा. ऑस्ट्रियाच्या त्या शुक्रवारी सगळीकडे छापून आलं की २००३च्या राल्फ फर्मननंतर एफ१च्या वीकएंडला आलेला हा पहिला आयरिश. फर्मन जन्माने इंग्लंडचा, आईकडून आयरिश. जुने एफ१ ड्रायव्हर अर्वाइन आणि वॉटसन उत्तर आयर्लंडचे. प्रजासत्ताकात जन्मलेले ड्रायव्हर एफ१ शर्यतीत शेवटचे दिसले ते १९८२ला लास वेगासला, डेरेक डेली आणि टॉमी बर्न.

टॉमी बर्न लक्षात ठेवा. १९८२चा ब्रिटिश एफ३ चॅम्पियन. खिशात दमडी नाही, तोंडाने फटकळ. थिओडोर नावाच्या डबड्या टीमकडून पाच वेळा प्रयत्न केला, दोनदाच ग्रिडवर पोचला. त्यातली पहिली शर्यत कुठली? ऑस्ट्रिया, म्हणजे डन जिथे चौथा आला त्याच डोंगरउतारावरचा जुना ट्रॅक. त्याच वर्षी मॅक्लारेनने सिल्व्हरस्टोनला त्याची चाचणी घेतली आणि तिथेही तो भन्नाट वेगवान निघाला. सीट मिळाली नाही ती नाहीच. आयरिश, मॅक्लारेन, वेग, आणि पुढे काही नाही. इथल्या पबमध्ये डनचं नाव निघालं की म्हातारे लगेच बर्नवर येतात, आणि 'बिचारा' म्हणत नाहीत. 'तोंड आवरलं असतं तर' म्हणतात.

घाटातला_गिअर:

हे मला माहीत नव्हतं. पण डब्लिनकर, डनचं तोंड कुठे सुटलंय? मोनॅको सोडलं तर त्याच्यावर गैरवर्तनाचा ठपका तरी काय आहे?

डब्लिनकर_सध्या:

तोंड नाही हो, उतावळेपणा. मला खटकलं ते मॅक्लारेन सोडणं. दुसरीकडची सही हातात पडल्याशिवाय चालती नोकरी सोडू नये, हे आयटीतल्या पोरालाही कळतं. आणि आता मॅक्लारेनच्या त्या कार्यक्रमात कोण जातंय? फोर्नारोली!

आकडेमोड:

इथे मात्र मी डनच्या बाजूने. मॅक्लारेनमध्ये नॉरिस आणि पियास्ट्री दोघंही तरुण, दोघंही लांबच्या करारावर. त्या दारासमोर किती वर्षं चपला काढून बसणार? इटलीत माँझाला पियास्ट्रीच्या जागी पुन्हा एक सराव सत्र मिळालं, त्यात सोळावा आला, विषय संपला. फोर्नारोली चॅम्पियन असून तरी कुठे बसलाय? राखीवात. ज्या मालिकेच्या विजेत्याला वरच्या वर्गात बाक मिळत नाही तिथे पाचव्याने काय चुकीचं केलं यावर आपण किती शाई घालवायची?

एक_साधा_प्रश्न:

विषय सोडून विचारतो, माफी असावी. आपला नारायण कार्तिकेयन २००५ला एफ१च्या जॉर्डन टीममध्ये होता, एडी जॉर्डन या आयरिश माणसाने काढलेल्या. मग तो आयरिश टीमचाच ड्रायव्हर म्हणायचा का? आणि एडी जॉर्डन याच वर्षी गेले ना?

डब्लिनकर_सध्या:

हो, मार्च २०२५ला गेले. त्यामुळे डनचा तो शुक्रवार बघायला ते नव्हते, याची इथे फार चुटपुट लागली. टीम मात्र त्यांनी २००५च्या सुरुवातीलाच मिडलंडला विकली होती, म्हणजे नारायण जॉर्डनच्या पिवळ्या गाडीत बसला तेव्हा मालक बदललेला होता. तीच टीम पुढे स्पायकर, मग आपली फोर्स इंडिया, आणि आता अॅस्टन मार्टिन. आणि अॅस्टन मार्टिन ज्या हिरव्या रंगावर मिरवते ना, तोही इथलाच असं आयरिश लोक सांगतात. १९०३ची गॉर्डन बेनेट शर्यत ब्रिटनमध्ये वेगमर्यादेमुळे घेता येईना म्हणून ती किल्डेअरच्या बाजूला झाली, आणि यजमानांच्या मानाला ब्रिटिशांनी गाड्या हिरव्या रंगवल्या.

पिटलेन_पुणेकर:

धागा हिरव्या रंगावर जायच्या आत मूळ मुद्द्यावर येतो.

गिअर, तुमचं 'वेग शिकवता येत नाही' हे मी मानतो. आकडेमोड, मॅक्लारेन सोडण्याबद्दलचं तुमचंही पटलं, तिथे मी काही बोलत नाही. पण परवान्याचा हिशोब तर तुम्हीच मांडलात. पहिल्या तिघांत आला असता तर ४०च्या ४० हातात होते. रेड बुल असो की आणखी कोणी, निदान बोलायला तरी बसता आलं असतं. मोनॅकोचे गुण आणि स्पाचा विजय, एवढे दोनच धरा. फळी तुम्हाला सोडली.

आकडेमोड:

फळीही धरली तर तिसऱ्या नंबरची चुरस नक्कीच होते. बेरीज करून रात्री टाकतो.

घाटातला_गिअर:

टाका. आणि त्याच मोनॅकोला आदल्या दिवशी शनिवारची छोटी शर्यत आपल्या कुश मैनीने जिंकली होती, तेही लिहा कुठेतरी. डनच्या धडकेच्या गोंधळात आपल्याकडेच लोक ते विसरले.