रेल्वेवर लक्ष ठेवायला रेल्वेबाहेरचं माणूस हवं की नको?

कसारा लोकल:
आरक्षित तिकिटावर एक ओळ छापलेली असते, वाचलीय का कुणी? प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात म्हणे. म्हणजे पैसे मोजून वर उपकाराची पावती! हा आकडा काढला कुणी? रेल्वेने. भाडं कोण ठरवतं? रेल्वे. गाडी वेळेवर आली की नाही, हे मोजतं कोण? रेल्वेच. पेपर काढणारी तीच, सोडवणारी तीच, तपासणारीही तीच.

२०१५ मध्ये रेल्वे सुधारणांवरच्या देबरॉय समितीने स्वतंत्र नियामक, म्हणजे रेल्वेवर लक्ष ठेवणारी बाहेरची संस्था, नेमा म्हणून सांगितलं. एप्रिल २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने असा नियामक म्हणून रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली. त्याचा एक तरी निर्णय कुणी पाहिलाय? १९२४ पासूनचा वेगळा रेल्वे अर्थसंकल्पही त्याच वर्षी बंद झाला. शेवटचा मांडला आपल्या सुरेश प्रभूंनी, २०१६ ला. घोषणाबाजी असायची त्यात, पण वर्षातून एकदा संसदेत रेल्वेवर बोलणं तरी व्हायचं.

जुना सिग्नलवाला:
३४ वर्षं सिग्नल खात्यात काढली, म्हणून लिहितो. बाहेरचं माणूस आहेच. रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, ते मुद्दाम रेल्वेबाहेर ठेवायचे म्हणूनच. नवीन मार्गावर त्यांच्या मंजुरीशिवाय प्रवासी गाडी सोडता येत नाही.

ओडिशातल्या बालासोर रेल्वे अपघाताचा अहवाल आठवा. २ जून २०२३. लेव्हल क्रॉसिंगच्या फाटकाचं काम चाललेलं, आणि लोकेशन बॉक्समध्ये, म्हणजे रुळाशेजारच्या सिग्नलच्या तारांच्या पेटीत, तारांवरची खूण प्रत्यक्ष जोडणीशी जुळत नव्हती. चूक कित्येक वर्षांची, कुणाच्या नजरेत आली नाही. अशी चूक दिल्लीतल्या नियामकाला दिसणार आहे का? ती दिसते नकाशा हातात धरून एकेक तार तपासणाऱ्याला. त्याला माणसं हवीत, आणि गाड्या थांबवून ब्लॉक हवा. ब्लॉक मागितला की कंट्रोलचं उत्तर ठरलेलं: आत्ता नाही, मेल येतेय.

कसारा लोकल:
काका, तारेचं पटलं. पण आयुक्त येतात ते बहुतेक रेल्वेच्याच सेवेतून, आणि त्यांचा अहवाल अमलात आणायचा की नाही हे पुन्हा रेल्वे बोर्डाच्या हाती. अनिल काकोडकरांच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्येच वैधानिक सुरक्षा प्राधिकरण मागितलं होतं. आणि तुम्हाला ब्लॉक नाकारणाऱ्याला जाब कोण विचारणार?

पासधारक:
नियामक आला की पहिला हात घालेल तो पासाला. वीज नियामक आयोग आला म्हणून कुणाचं बिल उतरलं? ५७ चे १०० करा म्हणेल, आणि कागदावर ते बरोबरही असेल. कर्जत-बदलापूरहून रोज मुंबई गाठणाऱ्याने मग काय करायचं? मंत्र्याला निदान मतं मागायला यावं लागतं.

क्रॉयडनकर:
इकडचा अनुभव सांगतो. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने रेल्वेचं खाजगीकरण झालं, नियामकही होता. तरी ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफिल्डला तडे गेलेला रूळ तुटून ४ जण गेले. रूळ सांभाळणारी रेलट्रॅक कंपनी वर्षभरात बुडाली. आता २०२४ चा कायदा करून गाड्या पुन्हा सरकारकडे येतायत. म्हणून नियामक नकोच असं नाही, पण नुसती पाटी लावून रूळ तपासले जात नाहीत.

कसारा लोकल:
पासधारक, बिल उतरलं नाही, कबूल. पण वीज दरवाढीआधी सुनावणी होते, कुणीही जाऊन हरकत घेऊ शकतो. २० मार्च २०२० पासून ज्येष्ठांची सवलत बंद केली, पुरुषांची ४० टक्के, बायकांची ५०. करोनाचं कारण होतं. करोना गेला, सवलत आली नाही. हरकत कुठल्या खिडकीवर घ्यायची तेवढं सांगा.

जुना सिग्नलवाला:
भाड्यापुरता नियामक आणा, माझी हरकत नाही. लोकेशन बॉक्सची किल्ली मात्र खात्याकडेच राहू दे.