हॉट टब (घराबाहेरचा, बसायचा गरम पाण्याचा टब) कायम गरम ठेवायचा की वापरापुरता? कॅनडातल्या ऑन्टॅरियोवाल्यांनी बोला

ब्रॅम्प्टनकर: काल एकाने पोस्ट टाकली, "हॉट टब म्हणजे वीज जाळायचं यंत्र, शहाण्याने शनिवारी तापवावा नि रविवारी बंद करावा." डोकंच फिरलं म्हणून लिहितोय. अहो जानेवारीत बाहेर उणे 15 असताना पाणी तसंच ठेवून हिटर-पंप बंद केला तर पाइप गोठून फुटतील, आणि दुरुस्तीवाला एका फेरीत तुमची सगळी बचत घेऊन जाईल. हिशोब तरी करा की. 1 युनिटमध्ये 860 लिटर पाणी 1 डिग्री तापतं. माझा टब 1400 लिटरचा, 10 वरून 39 वर न्यायला 47 युनिट, म्हणजे 4 किलोवॉटचा हिटर जवळजवळ बारा तास चालणार. दर शनिवारी हे करणार? त्यापेक्षा कायम गरम ठेवला तर वीज कमीच लागते.

सर्किट_ब्रेकर: शेवटचं वाक्य साफ चूक. उष्णता जाते ती आतल्या-बाहेरच्या फरकाप्रमाणे, टब निवत गेला की जाणंही कमी होतं. पुन्हा तापवताना तुम्ही मधल्या काळात गेलेलीच उष्णता भरता, आणि ती कायम गरम ठेवून गेली असती त्यापेक्षा कमीच असते. गोठण्याचं म्हणाल तर मान्य, थंडीत पूर्ण बंद करू नये. पण "चालू ठेवा, वाचेल" हे लोकांना सांगू नका, नवीन माणूस फसतो.

ब्रॅम्प्टनकर: पुस्तकातलं नका सांगू, बिल मी भरतो. माझ्या जुन्या कव्हरचा फोम पाणी पिऊन इतका जड झालेला की उचलायला दोघं लागायचो, नवीन टाकलं आणि बिल दिसण्याइतकं उतरलं. चालू-बंदचे सगळे प्रयोग करून झालेत, काही फरक नाही पडत.

सर्किट_ब्रेकर: मग मी वेगळं काय म्हणतोय! कव्हर चांगलं असेल तर हिटर बंद ठेवून रात्रीत पारा 2 डिग्री उतरला तरी सव्वातीन युनिटच गेले. चालू-बंद करून वाचणार किती? पैसे वाचतात ते कधी तापवता यावर. विजेचा अल्ट्रा-लो ओव्हरनाइट प्लॅन घ्या, रात्री 11 ते सकाळी 7 सगळ्यात स्वस्त, सोमवार ते शुक्रवार दुपारी 4 ते रात्री 9 सगळ्यात महाग. त्या पाच तासांत हिटर लॉक करा, पहाटे भरपूर तापवून ठेवा.

कोथरूडची_लेक: टबाचं काय घेऊन बसलात, तळघरात जी गरम पाण्याची टाकी आहे ना तिचं भाडं बघा आधी!! आम्ही घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने केलेला करार आमच्या गळ्यात, दर महिन्याला भाडं, दरवर्षी वाढ, फोन केला की तास-तास होल्डवर, आणि टाकी कधीची जुनी झालेली. आई पुण्याहून आली होती, तिच्या गच्चीवर सोलर आहे, तिला पटेचना की घरातल्या गिझरचं भाडं भरतात.

मिसिसागा_मावळा: ताई अगदी!! माझ्या सासऱ्यांकडे दारावर बिल्ला लावून माणूस आला, "सरकारी तपासणी" म्हणून टाकीच्या करारावर सही घेऊन गेला. घर विकायला काढलं तेव्हा वकिलाने सांगितलं की कंपनीने घराच्या कागदांवर आपल्या हक्काची नोंद चढवलीय, हजारो डॉलर द्या मग विक्री. म्हातारा माणूस रात्र-रात्र झोपला नाही.

सर्किट_ब्रेकर: दारोदार येऊन असे करार करायला 2018 पासून बंदी आहे. सही करताना वाचायचं ना.

मिसिसागा_मावळा: वाचायचं ना?? पंचाहत्तरीचा माणूस, इंग्रजी जेमतेम, समोरचा सरकारचं नाव सांगतोय. तुमच्या वडिलांच्या बाबतीत झालं असतं तर हेच बोलला असता का?

सर्किट_ब्रेकर: तसं नव्हतं म्हणायचं. राग बरोबर आहे तुमचा. 2024 च्या कायद्याने घरावर अशा नोंदी चढवणं बंद केलंय, जुन्याही संपल्या असं धरतात. करार मात्र तसाच राहतो, तो वेगळा सोडवावा लागतो.

ब्रॅम्प्टनकर: माझा विषय टबाचा होता. बरं, 4 ते 9 लॉक करणं मला जमेल, तेवढं घेतो. पण थंडीत 37 च्या खाली आणणार नाही, कोणी काही म्हणो. दिवसभर ट्रक चालवून पाठ धरते, रात्री वीस मिनिटं त्या पाण्यात बसलं की दुसऱ्या दिवशी उभा राहतो. त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्याने एकदा माझी शिफ्ट करावी.

नवा_घरवाला: मी फुगवायचा टब घेणार होतो, साध्या प्लगवर चालतो म्हणे, स्वस्त पडेल का?

सर्किट_ब्रेकर: उन्हाळ्यापुरता घ्या. हिटर दीडेक किलोवॉटचा, भिंती पातळ, आणि बाहेरचा पारा 4 च्या खाली गेला की वापरू नका असं बऱ्याच कंपन्या पुस्तिकेतच लिहितात. डिसेंबरात तो हिटर अखंड चालेल आणि तरी पाणी कोमटच.

कोथरूडची_लेक: कोणी टाकीचा करार सोडवलाय का पण? बायआउटचा (करारातून सुटायला एकरकमी भरायचा) आकडा विचारला की दर वेळी वेगळाच सांगतात.

मिसिसागा_मावळा: फोनवर बोलूच नका. आकडा ईमेलवर मागा, मूळ सहीची प्रत मागा. आम्ही सही मागितली तेव्हा कुठे त्यांचा सूर बदलला.