मार्कच्या शुभवर्तमानात तुम्ही कुठे थांबलात?

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, आला की आमचा गट एक शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, हाती घेतो. या वेळी मार्क. सोळाच अध्याय, चौघांत सर्वांत लहान, मनात आणलं तर एका बैठकीत संपतं. गोठ्यातला जन्म नाही, मेंढपाळ नाहीत, डोंगरावरचं प्रवचन नाही. पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा, अरण्य, जाळी टाकून निघालेले कोळी, पेत्राची तापाने पडलेली सासू, सगळं धडाधड. एवढ्या घाईत तुमचे पाय कुठे अडले, ते लिहा. घरातलं जुनं पवित्रशास्त्र, पंडिता रमाबाईंचं भाषांतर, फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल, जे हाताशी असेल ते चालेल. ख्रिस्ती नसाल तरी या. फक्त प्रवचन नको. पाळकसाहेब, तुम्हालाही हाच नियम!

सुरुवात मी करते. आठवा अध्याय, बेथसैदाचा आंधळा. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा हात ठेवतो. दोनदा! ही गोष्ट फक्त मार्कने सांगितली आहे. आमच्या साक्षीच्या सभेत बहुतेक जण सांगतात की प्रार्थना केली आणि त्याच क्षणी सगळं बदललं. माझ्या भावाची दारू तशी सुटली नाही. सुटली, परत लागली, पुन्हा कमी झाली. त्या मधल्या वर्षांना सभेत सांगण्यासारखं काही नसायचं. या आंधळ्यालाही मधला एक टप्पा होता, आणि तो त्याने न लाजता सांगितला.

अर्नाळा

मी बोटीवरचा माणूस, मला चौथ्या अध्यायाशिवाय दुसरं काय सुचणार. आमच्याकडे मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, ते वादळाचं वाचन आलं की फादर समुद्राला आयुष्य म्हणतात आणि वादळाला संकट. म्हणू देत. पण मला ती खरीच बोट दिसते. संध्याकाळी सुटलेली, नावेत पाणी शिरलेलं, खलाशी पाणी उपसून बेजार आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला. ती उशी मार्कलाच माहीत. दिवसभर लोकांशी बोलून माणूस असाच मेल्यासारखा झोपतो. आणि त्याला उठवणारे बोलतात ते प्रार्थनेसारखं नाहीच, चिडून बोलतात: आम्ही मरतोय, तुला काही काळजी आहे का? डोलीची, म्हणजे मोठ्या जाळ्याची, दोरी तुटायला आली की आमचा तांडेल, बोटीचा मुख्य, तोही असंच ऐकून घेतो.

आणखी एक. त्याच ठिकाणी लिहिलंय की बरोबर दुसरेही मचवे होते. त्यांच्याबद्दल पुढे एक अक्षर नाही. त्यांच्या बोटीत येशू नव्हता, पण त्याच्या हुकमाने वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडला असणार. त्यांना कळलंही नसेल का पडला. मी पागोळीखाली बसून जाळं शिवताना याच मचव्यांचा विचार करतो. फादरना विचारलं, ते हसले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी यावर बोलतो. अजून वाट बघतोय.

नागपूर, एका मुलाचा बाप

नववा अध्याय, फिट येणाऱ्या मुलाला येशूकडे आणणारा बाप. माझ्या मुलालाही फिट येतात, तो दीड वर्षाचा असल्यापासून. त्यामुळे तोंडाला फेस, दात खाणं, अंग ताठ होणं हे वर्णन मी पुस्तकात वाचत नाही, आठवतो. विस्तवात आणि पाण्यात पडतो म्हणतात, तेही खरं. आमच्या घरात गॅसचा ओटा, बाथरूममधली बादली, गच्चीचा जिना या सगळ्यांवर एक डोळा कायम असतो.

या उताऱ्याने मला खूप त्रासही दिलाय, तो आधी सांगतो. त्यात मुलाला अशुद्ध आत्मा लागलाय असं म्हटलंय. एका प्रार्थनासभेत कुणीतरी माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ओरडायला लागलं. पोरगं घाबरून माझ्या पायाला बिलगलं. मी त्याला उचललं आणि बाहेर आलो. गोळ्या चालू आहेत, चालू राहतील. न्यूरॉलॉजिस्टकडे मी देवाच्या इच्छेविरुद्ध जातो असं मला अजिबात वाटत नाही.

तरी मी परत परत तिथेच जातो, कारण येशू त्या बापाला जे विचारतो ते दुसऱ्या कुणीच विचारलेलं नाही. शिष्य आणि शास्त्री वाद घालतायत, गर्दी जमलीय, पोरगं जमिनीवर लोळतंय, आणि हा विचारतो, हे किती दिवसांपासून होतंय? आमच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच होता. त्या प्रश्नाने मी खुर्चीत बसल्या बसल्या रडलो होतो, कारण तोवर सगळ्यांनी कारणंच सांगितली होती, विचारलं कुणी नव्हतं.

पुढे तो बाप म्हणतो, तुमच्याने काही होत असेल तर करा. येशूला ते ‘असेल तर’ खटकतं. मग बाप ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. मी रात्री पोराच्या शेजारी पडून हेच म्हणतो. त्या वाक्याचे दोन्ही भाग खरे आहेत, आणि येशूने त्याला परत पाठवलं नाही.

मिरज, नर्स

नागपूरच्या दादांना माझा नमस्कार. मी पाचव्या अध्यायाला अडकले. याईर नावाच्या माणसाची मेलेली मुलगी येशू उठवतो, सगळे आ वासून उभे, आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. वॉर्डात आम्ही अगदी हेच करतो. नातेवाईक रडत असतात, फोटो काढत असतात, आणि आम्ही विचारतो, पेज आणलीय का कुणी?

पुरंदर

मी ख्रिस्ती नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांबद्दल वाचलं होतं, की आगगाडीत एका परक्या माणसाने त्यांना नवा करार दिला आणि वाचायची गोडी लागली ती थेट 1895 सालच्या बाप्तिस्म्यापर्यंत. माझं तसं काही झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शेजारच्या सरांनी पुस्तक दिलं म्हणून वाचलं.

माझी अंजिराची बाग आहे. अकराव्या अध्यायात येशूला भूक लागते, लांबून पाला दिसतो, जवळ जाऊन बघतो तर फळ नाही, आणि तो झाडाला शाप देतो. मार्कच वर लिहितो की तो अंजिराचा हंगाम नव्हता! मग झाडाचा काय गुन्हा? ही गोष्ट वल्हांडण या यहुदी सणाच्या दिवसांतली, म्हणजे मार्च-एप्रिल. आमच्याकडे तेव्हा मीठा बहार असतो, पण तो पाण्याचा ताण देऊन धरलेला. त्या डोंगराळ मुलखात ताण देणारं कोण होतं? सरांनी समजावलं की झाड म्हणजे मंदिर, बाहेरून हिरवं आणि आत काही नाही. पटलं, मधोमध मंदिरातल्या सराफांची चौरंगं उलथवायची गोष्ट आहे हेही दिसलं. पण दुसऱ्या दिवशी मुळापासून वाळलेलं झाड वाचलं की माझ्यातल्या बागायतदाराला अजून वाईट वाटतं. बाकी पुस्तक आवडलं. माणूस चिडतो, दमतो, भुकेजतो, हे देवाच्या पुस्तकात लपवलेलं नाही.

नगर, निवृत्त शिक्षिका

नगर जिल्ह्यात आमच्या लहानपणी ख्रिस्ती कीर्तन होत असे. एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा. डोक्याला पागोटं, हातात चिपळ्या, आणि आख्यान बार्तीमयाचं, येशूला हाका मारणाऱ्या आंधळ्या भिकाऱ्याचं. बुवा लोकांच्या आवाजात दटावायचे, ‘गप रे, गप!’ आणि लगेच बार्तीमयाच्या आवाजात दुप्पट जोराने ओरडायचे, ‘दाविदाच्या पुत्रा!’ आम्ही मुलंही ओरडायचो. नंतर तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. भिकाऱ्याचं वस्त्र म्हणजे त्याचं अंथरूण, पांघरूण आणि पैसे गोळा करायची जागा. बुवांनी त्यावर पाऊण तास घेतला होता. दहाव्या अध्यायाचं शेवटचं पान मी आजही मनात चालीवरच वाचते.

चर्चचा खजिनदार (गाव सांगत नाही)

बाराव्या अध्यायातली विधवा. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, आणि वर्षानुवर्षं दानाच्या रविवारी तिचंच उदाहरण देतात. पण त्याच्या लगेच वरचं वचन वाचा: शास्त्री विधवांची घरं गिळंकृत करतात. मग येशू तिची वाहवा करतोय की हळहळतोय? दोन्ही सलग वाचल्यापासून दानाची पाकिटं उघडताना माझा हात जरा जपून चालतो.

वसई

कॅथलिक वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, त्यातल्या एका वर्षी मार्क. त्या वर्षी ईस्टरच्या जागरणाला सोळावा अध्याय सातव्या वचनापर्यंतच वाचतात. आठवं वचन मी घरी वाचलं: येशूच्या कबरेपाशी आलेल्या बायका थरथरत पळाल्या, आणि भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान इथेच संपतं. माझे मिस्टर गेले त्यानंतर मीही पहाटे फुलं घेऊन कबरस्तानात जायचे. फाटक उघडं असेल का, एवढाच विचार डोक्यात असायचा. त्या बायकाही वाटेत हेच बोलतात, धोंड कोण लोटणार? त्यामुळे त्या घाबरल्या यात मला काही उणं वाटत नाही. उलट सगळ्या आनंदाने गात घरी गेल्या असत्या तर मी पुस्तक मिटलं असतं.

पुणे, फर्ग्युसन रस्त्यावरचा एक विद्यार्थी

तो चौदाव्या अध्यायातला पोरगा कुणीच घेतला नाही? येशूला पकडतात तेव्हा अंगावर नुसतं तागाचं वस्त्र घेतलेला एक तरुण मागे मागे येतो, त्याला धरतात, तो वस्त्र टाकून उघडाच पळतो. पुढे काही नाही, नाव नाही, दुसऱ्या कुठल्या शुभवर्तमानात तो नाही. संडे स्कूलला आम्ही फिदीफिदी हसायचो आणि बाई पुढच्या वचनावर उडी मारायच्या. मी तो घेतो. कुणाला त्याच्याबद्दल काही माहीत असेल तर सांगा.